रेतीचा दागिना

रेती, धुण्याचा सोडा, चिमूटभर चुना आणि तांब्याच्या भांड्यावर चढतो तो हिरवा गंज. मित्रमैत्रिणींनो, या चार वस्तू पाण्यात कालवल्या तर काय तयार होईल? सिव्हिलवाले म्हणतील, एखाद्या भिंतीचं प्लास्टर. मेकॅनिकलवाले म्हणतील, भांडी घासायची पावडर. आणि हॉस्टेलवाले म्हणतील, कालची आमटी!

विनोद बाजूला ठेवू. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी नाईल नदीच्या काठी राहणाऱ्या कारागिरांनी याच सामानातून दागिना बनवला. निळा-हिरवा, चकचकीत, आजही संग्रहालयाच्या काचेआड ठेवला तर कालच भट्टीतून काढल्यासारखा वाटणारा. राजाने तो घातला, राजाच्या नोकरानेही घातला. जिवंतपणी घातला आणि मेल्यावर तर जास्तच घातला. इंग्रजी पुस्तकांत या पदार्थाला 'फायान्स' म्हणतात. आज मी त्याच्याबद्दल लिहिणार आहे. शेवटी मात्र मला आमच्या मारेगावला यायचं आहे, कारण या दागिन्याचा अर्थ कळायला लागल्यावर मला आपल्याकडच्या बांगड्यांबद्दल एक प्रश्न पडला आणि तो काही केल्या जात नाही.

यात माती नाही

पहिली गोष्ट म्हणजे फायान्स हे नावच चुकीचं आहे. इटलीत फाएन्झा नावाचं गाव आहे. तिथली पांढरी झिलई दिलेली मातीची भांडी युरोपात प्रसिद्ध होती. पुढे इजिप्तमध्ये चकचकीत निळ्या वस्तू सापडल्या तेव्हा युरोपच्या लोकांना आपल्या फाएन्झाची आठवण झाली आणि तेच नाव चिकटलं. खरं तर इजिप्तच्या या पदार्थात माती जवळपास नसतेच. ही मातीची वस्तू नाही, चिनीमाती नाही आणि पूर्ण काचही नाही.

मग आहे काय? बारीक दळलेली गारगोटी किंवा रेती, म्हणजेच सिलिका. तिचं प्रमाण ९२ ते ९९ टक्के. बाकी थोडा चुना, थोडा सोडा आणि रंगासाठी तांब्याचं संयुग. आता सिलिका वितळायला १,७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. लाकडं जाळणाऱ्या त्या काळच्या भट्टीला ते शक्य नव्हतं. पण सोडा मिसळला की वितळण्याचं तापमान खूप खाली येतं. यालाच आपण फ्लक्स म्हणतो. फायान्स ८०० ते १,००० अंशांच्या दरम्यान भाजलं जायचं. तेवढ्या उष्णतेत आतली सगळी रेती वितळत नाही, फक्त कण एकमेकांना चिकटतात. बाहेरून मात्र काचेचा पातळ थर चढतो. म्हणून मणी फुटला तर आत पांढरट, खरखरीत, साखरेसारखं दिसतं आणि बाहेर आरसा!

आता खरी गंमत. हा बाहेरचा थर त्यांनी चढवला कसा? तीन पद्धती होत्या. पहिली सोपी: झिलईचा पातळ लेप करून वस्तूला लावायचा आणि भाजायचं.

दुसरी पद्धत मला सगळ्यात आवडते. पावसाळ्यानंतर जुन्या भिंतीला लोणा लागतो, पांढरा क्षार बाहेर येतो, ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये तर रोजच बघतो. सिव्हिलच्या भाषेत एफ्लोरेसन्स. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन उडून जातं आणि येताना सोबत आणलेलं मीठ पृष्ठभागावर सोडून जातं. आपल्यासाठी हा दोष आहे, कॉन्ट्रॅक्टरला शिव्या घालायचं कारण आहे. इजिप्तच्या कारागिराने या दोषाचीच पद्धत केली. त्याने सोडा रेतीतच कालवला, मणी वळला आणि सुकायला ठेवला. सुकताना पाणी बाहेर आलं, सोबत सोडा आणि तांबं घेऊन आलं आणि मण्यावर आपोआप एक पांढरी साय धरली. भट्टीत ती साय वितळली की झाली झिलई. लेप द्यायची गरजच नाही. मणी ज्या बाजूवर टेकून सुकला तिथून पाणी उडत नाही, म्हणून तिथे झिलई कमी येते. असे डाग बघून आजचे अभ्यासक सांगतात की ही वस्तू या पद्धतीने बनली.

हे सोपं वाटत असेल तर सांगते, सोपं नव्हतं. हा लगदा मातीसारखा लवचीक नसतो. हातात घट्ट वाटतो, दाबायला गेलं की ढिला पडतो, ओढलं की भेगा पडतात. चाकावर मडकं घडवावं तसं याला घडवता येत नाही. म्हणून फायान्समध्ये जास्त करून लहान वस्तू दिसतात: मणी, अंगठ्या, ताईत, बाहुल्या.

तिसऱ्या पद्धतीत कोरडा मणी झिलईच्या पावडरमध्ये पुरून भाजतात. पावडर मण्याला चिकटत नाही, पण मण्यावर झिलई येते. ही पद्धत इराणमधल्या कोम शहरात विसाव्या शतकापर्यंत चालू होती. हान्स वुल्फ यांनी १९६८ साली तिच्यावर लिहिलं, तेव्हा अभ्यासकांना इजिप्तचं कोडं सुटायला मदत झाली. आणि कोमचे ते निळे मणी कोणासाठी बनत होते माहीत आहे? गाढवांसाठी! नजर लागू नये म्हणून जनावराच्या गळ्यात बांधायला. पोळ्याला बैलांच्या गळ्यात मण्यांच्या आणि कवड्यांच्या माळा बघत मोठे झालेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

लोणारचा खार

इजिप्तच्या कारागिराला सोडा मिळायचा वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यांतून. त्याला नेट्रॉन म्हणतात. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाची जागा त्यासाठी प्रसिद्ध आहे. याच नेट्रॉनमध्ये ते मेलेल्या माणसाचं शरीर सुकवायचे, म्हणजे ममी बनवायचे. एकाच पदार्थाने शरीर टिकवायचं आणि त्याच पदार्थाने त्या शरीरावरच्या मण्याला चमक आणायची. हा योगायोग असेल, पण वाचल्यावर अंगावर काटा येतो.

आपल्या विदर्भातही असं तळं आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार. उल्का पडून बेसॉल्टमध्ये झालेला तो खड्डा बघायला आपल्यातले बरेच जण ट्रिपला गेले असतील. त्याचं पाणी अतिशय अल्कधर्मी आहे आणि त्यातून पूर्वी खार काढत असत. अकबराच्या काळात अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात वऱ्हाडच्या सुभ्याची माहिती देताना लोणारला काच आणि साबण बनवायचं सामान मिळतं अशी नोंद आहे. म्हणजे नेट्रॉनचा भाऊ आपल्याकडेही होता आणि तो काचेसाठी उपयोगी आहे हे आपल्या लोकांना चारशे वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं. रेतीची तर गोष्टच नको. आमच्या मारेगाव तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. रेतीचा ट्रॅक्टर बघितला नाही असा एक दिवस जात नाही.

चमक म्हणजे काय

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढी खटपट कशासाठी?

पुस्तकात पहिलं उत्तर मिळतं ते असं: फायान्स ही महाग खड्यांची नक्कल होती. हिरवट निळा फिरोजा सिनाईच्या डोंगरातल्या खाणींतून आणावा लागायचा. गडद निळा लाजवर्द तर थेट आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून, हजारो किलोमीटरवरून यायचा. सगळ्यांना ते कुठून परवडणार? म्हणून रेतीचा फिरोजा. आजच्या भाषेत इमिटेशन ज्वेलरी.

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. कारण ज्याला खरा फिरोजा परवडत होता तो राजाही फायान्स वापरायचा. सक्कारा इथे जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इ.स.पू. २६५० च्या आसपासचा. त्याच्या खालच्या भुयारी दालनांच्या भिंतींना निळ्या-हिरव्या फायान्सच्या ३६,००० हून अधिक फरशा लावल्या होत्या. बोरूच्या चटयांसारख्या दिसाव्यात अशा त्या मांडल्या होत्या. ज्याच्यासाठी अख्खा दगडी पिरॅमिड उभारला त्याला नकली माल कोण देईल?

उत्तर इजिप्तच्या भाषेत सापडतं. या पदार्थाला ते लोक जे नाव द्यायचे त्याचा उच्चार साधारण 'त्येहेनेत' असा करतात आणि त्याचा अर्थ 'लखलखणारं'. नाव रेतीवरून नाही, खड्यावरूनही नाही, चमकेवरून आहे. चमक म्हणजे सूर्याचा प्रकाश, आणि सूर्य म्हणजे रोज संध्याकाळी मावळून रोज सकाळी परत येणारा देव. जी वस्तू लखलखते तिच्यात तो प्रकाश आहे, म्हणजे परत उगवण्याची ताकद आहे, असा त्यांचा विश्वास होता.

रंगाचंही तसंच. हिरव्यासाठी त्यांचा शब्द होता 'वाज'. तो लिहिताना पपायरसच्या लव्हाळ्याचं चित्र काढायचे. त्याच शब्दाचा अर्थ ताजं, टवटवीत, भरभराटीचं असाही होतो. नाईलचा पूर ओसरला की काळ्या गाळातून जे उगवतं ते 'वाज'. मेलेल्यांचा देव ओसायरिस, जो स्वतः मरून पुन्हा जिवंत झाला, त्याचा चेहरा चित्रांत बहुतेक वेळा हिरवा असतो. आपण कार्टूनमध्ये भूत हिरवं दाखवतो. त्यांच्यासाठी तो रंग मरणाचा नव्हता, कोंब फुटण्याचा होता. काळ्या जमिनीत जूनमध्ये कपाशीचं दोन पानांचं रोप वर आलेलं ज्याने बघितलं आहे त्याला हे शिकवायला लागत नाही.

म्हणून फायान्सचा दागिना हा नुसता शोभेचा नव्हता. तो काम करायचा. होरस देवाचा जखमी होऊन पुन्हा बरा झालेला डोळा हा ताईत माणूस अखंड राहावा म्हणून. पोट पुढे आलेली पाणघोड्याच्या रूपातली तावेरेत देवी आणि बुटका, जीभ काढलेला बेस देव हे बाळंतिणीच्या आणि लहान मुलांच्या रक्षणासाठी. शेणकिड्याच्या आकाराचा ताईत पुन्हा उगवणाऱ्या सूर्यासाठी.

मेलेल्या माणसासोबत तर फायान्सची अख्खी फौज जायची. शाब्ती नावाच्या छोट्या बाहुल्या थडग्यात ठेवत. परलोकात शेतीच्या कामाला हाक आली की मालकाच्या जागी या बाहुलीने 'हजर' म्हणायचं. थोडक्यात, प्रॉक्सी! पुढच्या काळात पूर्ण संच ४०१ बाहुल्यांचा झाला: वर्षाच्या दिवसांच्या ३६५ आणि त्यांच्यावर देखरेख करायला ३६ मुकादम. आणि इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकापासून ममीवर निळ्या-हिरव्या लांबट मण्यांची जाळी पांघरायची रीत आली. माणूस गेला, तर त्याला हिरवं-निळं पांघरून पाठवायचं, म्हणजे तो परत उगवेल.

ही चमक मोठ्या लोकांपुरती राहिली नाही. अखेनातेन राजाची राजधानी अमार्ना इथे १८९१-९२ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांनी खोदकाम केलं. त्यांना मण्यांचे, फुलांचे, फळांचे, अंगठ्यांचे आकार काढायचे मातीचे साचे हजारोंनी सापडले. इ.स.पू. चौदाव्या शतकातलं हे मास प्रॉडक्शन! अंगठी फुटली तर दुसरी घ्या, रेतीला काय तोटा. दागिन्याची किंमत वस्तूत नव्हती. ती लोकांनी दिलेल्या अर्थात होती.

आपल्या मातीतले मणी

आपल्या देशात फायान्स नव्हतं का? होतं, आणि चांगलं होतं. हडप्पा संस्कृतीत, इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात, फायान्सचे मणी आणि बांगड्या बनत. इथल्या कारागिरांनी तर रेतीचं मिश्रण आधी एकदा भाजून, पुन्हा दळून मग वस्तू केल्या. त्यामुळे त्या जास्त मजबूत झाल्या. बारीक बांगडी टिकायची तर ते गरजेचंच होतं. नंतर काच बनवायची विद्या आली आणि आपल्याकडे फायान्स मागे पडलं.

विदर्भात दगडी मण्यांचं मोठं केंद्र होतं. नागपूरच्या वायव्येला माहुरझरी आहे. १९७० ते ७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली शिळावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोल मांडून केलेली दफनं, तिथे आहेत. त्यांत लोखंडी हत्यारं, तांब्याचे दागिने, मणी, इतकंच काय घोड्यांचे सांगाडेही मिळाले. अकीक, कार्नेलियन, स्फटिक यांचे मणी घासून, भोक पाडून बनवणारे कारागीर या गावात होते. म्हणजे आपल्या विदर्भातही गेलेल्या माणसासोबत मणी द्यायची रीत होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला लोहयुगातल्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत.

मण्यांवर आणि काचेवर आयुष्यभर काम केलेला एक मराठी माणूस इथे सांगायलाच हवा: डॉ. मोरेश्वर दीक्षित. नक्षी उमटवलेल्या मण्यांवर त्यांचं पुस्तक १९४९ चं आणि भारतीय काचेच्या इतिहासावरचं १९६९ चं. वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरचं उत्खननही त्यांचंच, म्हणजे आपण ज्याला रुक्मिणीचं माहेर म्हणतो तेच गाव. ज्या वस्तूला आपण 'चार आण्याचा मणी' म्हणून टाकून देतो तिच्यावर पीएच.डी. होऊ शकते, हे आपल्या सेमिनारचे विषय शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मी असं म्हणत नाही की इजिप्तची रीत आपल्याकडे आली. तसा पुरावा मला कुठे दिसला नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की माणूस इथला असो वा तिथला, चकचकीत रेतीला तो एकसारखेच अर्थ देतो.

वाढवली!

आता मारेगावला या. बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा. काच ही शेवटी रेती, सोडा आणि चुनाच. बहुतेक बांगड्या उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. हिरवा रंग येतो क्रोमियम, तांबं, लोखंड अशांच्या संयुगांमुळे. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यात मँगनीज आणि लोहाचं प्रमाण इतकं वाढवलेलं असतं की काच काळीच दिसते. केमिस्ट्री संपली.

पण दुकानात केमिस्ट्री कोणी विकत घेत नाही. नवरी येते ती हिरवा चुडा भरायला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण असतं तेव्हा हिरवी साडी आणि हिरव्या बांगड्या. बाळ झालं की त्याच्या मनगटाला काळ्या मण्यांच्या मनगट्या, दृष्ट लागू नये म्हणून. तावेरेत आणि बेस यांचं खातं आपल्याकडे या मनगट्यांकडे आहे म्हणा ना. हिरवा म्हणजे उगवणारं, काळा म्हणजे राखण करणारं. इजिप्तच्या बाईला या दुकानात आणलं असतं तर तिला दुभाष्या लागला नसता.

आणि भाषा बघा. बांगड्या भरताना एखादी पिचकली तर दुकानातल्या मावशी 'फुटली' म्हणत नाहीत. एखाद्या पोरीच्या तोंडून तो शब्द निघालाच तर लगेच म्हणतात, "फुटली नोको म्हनू माय, वाढवली म्हन." मंगळसूत्र तुटलं तरी 'वाढवलं'. काच फुटणं अशुभ म्हणून आपण शब्दच उलटा केला. तुटण्याला वाढणं म्हणायचं! ही तर अगदी ओसायरिसची गोष्ट झाली. मला हा शब्द फार आवडतो. माझी शाळा कॉन्व्हेंटची, ग्रीक-रोमन देवांची नावं पाठ होती, पण असा शब्द मला त्या पुस्तकांत कुठे भेटला नाही.

पण हाच शब्द एका दिवशी वापरत नाहीत.

माझे काका गेले तेव्हा मी दहावीत होते. यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी अकाली गेला म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. त्या दिवशी अंगणात बायकांनी काकूला बसवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि दगडावर आपटून हिरव्या बांगड्या फोडल्या. तेव्हा कोणी 'वाढवल्या' म्हणालं नाही. 'फोडा' म्हणाले. आयुष्यभर जो शब्द तोंडावर येऊ द्यायचा नाही, तो त्या दिवशी मुद्दाम, मोठ्याने म्हणायचा. कुंकू पुसलं, काळी पोत काढली, जोडवी काढली. तिच्या मनगटाला काच लागली होती. हळद आणायला मी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

फायान्सबद्दल वाचताना मला हाच दिवस आठवत राहिला. प्रश्न असा: इजिप्तच्या लोकांनी गेलेल्या माणसाला हिरवं दिलं, कारण त्यांना तो उगवायला हवा होता. माहुरझरीच्या लोकांनीही आपल्या माणसाला मणी देऊन निरोप दिला. आपण उलटं करतो. गेला तो जातोच, आणि हिरवं काढून घेतो ते जी मागे राहिली तिच्याकडून. जी जिवंत आहे, जिला उद्या सकाळी उठून कपाशी निंदायची आहे, बँकेत जायचं आहे, सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालायचे आहेत. हिरवा म्हणजे जर उगवणारं, तर त्या वेळी त्याची जास्त गरज कोणाला होती?

कोणी म्हणेल, ही श्रद्धेची गोष्ट आहे, इंजिनिअरने यात पडू नये. माझं म्हणणं आहे, इंजिनिअरने तर नक्की पडावं, कारण पदार्थात काय आहे आणि काय नाही हे आपल्याला मोजता येतं. बांगडीत सिलिका आहे, सोडा आहे, चुना आहे. सौभाग्य नावाचा घटक कुठल्याही टेस्टमध्ये सापडत नाही. तो आपण घातलेला आहे. इजिप्तच्या लोकांनी पुनर्जन्म घातला, कोमच्या लोकांनी गाढवाचं रक्षण घातलं, आपण नवऱ्याचं आयुष्य घातलं. अर्थ माणसाने घातला असेल तर तो बदलायचा अधिकारही माणसाचाच.

आणि तो बदलता येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की आपल्या गावात पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि ठराव कागदावर झाला म्हणून अंगणातली गर्दी ऐकेलच असंही नाही. तरी हेरवाड हे काही मोठं शहर नाही. आपल्या गावासारखंच गाव आहे. तिथल्या ग्रामसभेला जमलं ते आपल्या ग्रामसभेला का जमू नये? एके काळी विधवेचे केस कापत. ते आज आपल्याला फक्त पुस्तकात भेटतं. तेव्हाही लोक म्हणालेच असतील, रीत आहे, कशी मोडणार?

ही सगळी माहिती मी मागच्या सुट्टीत काकूला सांगितली. जोसरच्या फरशा, मण्यांची जाळी, सगळं. ती सरकी निवडता निवडता ऐकत होती. मी विचारलं, काकू, आता घालशील का हिरव्या बांगड्या? ती म्हणाली, "आता हौस नाही रायली पोरी." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "पन तवा मले कोनं इचारलंच नाही."

काकूने बांगड्या घालाव्यात असा माझा हट्ट नाही. घालायच्या तर घालाव्यात, नसतील घालायच्या तर ठेवून द्याव्यात. पण ते तिला विचारावं. हॉस्टेलमधले आपण सगळे कुठल्या ना कुठल्या गावाचे आहोत. सुट्टीत घरी जातो, ग्रामसभेला अठरा वर्षांवरचा प्रत्येक मतदार बसू शकतो आणि बोलू शकतो. पुढच्या वेळी गावाला गेलात तर हेरवाडचा विषय एकदा काढून बघा. आणि घरात, शेजारी असा प्रसंग आला आणि बायका हात धरायला पुढे झाल्या, तर आपल्यापैकी कोणीतरी मध्ये उभं राहून म्हणावं: थांबा, आधी तिला विचारा.